छापील साक्ष

सावळीराम पगारे म्हणजे सिन्नर फाट्याजवळच्या त्या वस्तीत सगळ्यांचे नाना. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पस्तीस वर्षं राखेच्या विभागात काढली, निवृत्त झाले, दोन खोल्यांचं घर बांधलं आणि शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून बसले. एक काळं, एक लाल. लग्नाला जा, मयताला जा, दवाखान्यात रांगेत उभे राहा, नानांच्या खिशात पेनं आहेतच. नव्या माणसाला वाटायचं, विम्याचे एजंट असतील. लोक दोन हात लांब बसायचे.

खरं काय ते सांगितलं, तर लोकांचा विश्वास बसायचा नाही. हा राख विभागातला माणूस इंग्रजी शब्दांचा कोश लिहीत होता! बरं, आपण बोलतो त्या इंग्रजीचा लिहीत असता तर गोष्ट वेगळी. नाना लिहीत होते मेलेल्या अर्थांचा. म्हणजे शब्द तोच, पण शेकडो वर्षांपूर्वी तिकडचे लोक त्याचा भलताच अर्थ घ्यायचे, तो अर्थ. 'मीट' म्हणजे आज मटण, पण एकेकाळी कुठलंही अन्न, अगदी भाजीभाकरीसुद्धा. 'गर्ल' म्हणजे आज मुलगी, पण तेव्हा मुलगा असो की मुलगी, कुठलंही लेकरू. 'सिली' म्हणजे आज बावळट, पण मुळात तो शब्द होता पुण्यवान माणसासाठी. आणि 'लेडी'? तर तो शब्द निघाला भाकरीसाठी पीठ मळणाऱ्या बाईवरून.

हा शेवटचा शब्द नानांनी बायकोला, विमलाबाईंना, मोठ्या हौसेनं वाचून दाखवला होता. त्या परातीत हात घालूनच बसल्या होत्या.

"म्हणजे मी लेडी?" विमलाबाई म्हणाल्या.

"अगदी मूळची."

"मग लेडीला वाइच पाणी द्या तांब्याभर. पीठ कोरडं पडलंय."

विमलाबाईंना या कामाचं कौतुक नव्हतं, आणि ते त्या लपवतही नव्हत्या. "ज्यांनी ते बोललं ते बी मेले, ज्यांनी ऐकलं ते बी मेले. तुम्हाला काय मेल्यांची मढी उकरायची हौस हाय?" असं त्या पाहुण्यांसमोर म्हणायच्या. नाना हसायचे. पण पेन खाली ठेवायचे नाहीत.

कामाची पद्धत ठरलेली. हाताच्या पंजाएवढी चिठ्ठी. वर काळ्या शाईनं शब्द. त्याखाली मराठीत जुना अर्थ, त्याखाली आजचा. आणि सगळ्यात खाली, लाल शाईनं, साक्ष. साक्ष म्हणजे जुन्या नाटकातली, कवितेतली, नाहीतर एखाद्या प्रवचनातली अशी ओळ, जिच्यात तो शब्द त्या जुन्या अर्थानं वापरलाय. पुढे पुस्तकाचं नाव, साल, पान. पान लिहिलं नसेल तर ती चिठ्ठी नानांच्या लेखी रद्दी. आठवड्यातून तीन दिवस ते बसनं गावातल्या जुन्या वाचनालयात जायचे, तिथं कपाटातली कुणी न मागणारी इंग्रजी पुस्तकं मागवायचे आणि एकेक पान बोटानं चाचपत साक्षी शोधायचे. "शब्दाला साक्ष लागते," ते म्हणायचे. "आणि तोंडी साक्ष चालत नाही. छापील लागते."

हे वेड उगीच नव्हतं. नानांचे वडील नाथा पगारे देवळालीच्या कॅम्पात एका बंगल्यावर माळी होते. बंगल्याच्या म्हाताऱ्या मालकिणीनं त्यांना मागची जागा राहायला दिली होती. "नाथा, ही जागा तुझी," असं चार माणसांसमोर म्हणाली होती. म्हातारी गेली, पुतणे आले, प्रकरण कोर्टात गेलं. चारही माणसं साक्षीला उभी राहिली. कोर्टानं विचारलं, कागद आहे का? कागद नव्हता. संपलं. नाथा पगारे बायकापोरं घेऊन रस्त्यावर आले. येताना डोक्यावर एक ट्रंक होती. पुतण्यांनी फेकून दिलेली, आत म्हातारीची पुस्तकं. त्यांत एक जाडजूड, पुठ्ठे गेलेला, दोन-अडीचशे वर्षं जुन्या इंग्रजीचा कोश होता. सावळीराम तेव्हा दहा वर्षांचे. त्या कोशावर ते इंग्रजी शिकले.

आता यात फसगत कुठे होती, ते त्या घरात कुणाला कळणार? नाथाला अक्षरओळख नाही. शाळेतले मास्तर स्वतः गाइड बघून शिकवणारे. सावळीराम आपले रोज दहा शब्द पाठ करत गेले. राखेच्या पाइपलाइनवर पाळी करताना मनात तेच घोळवत राहिले. इंग्रजीत बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही, म्हणून आपली इंग्रजी अडीचशे वर्षांची म्हातारी आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. आणि लेक झाली, रूपाली, तिलाही त्यांनी तीच शिकवली.

पोरगी हुशार! नानांच्या मांडीवर बसून शब्द पाठ करायची. नाना पहिल्या पाळीहून यायचे, कानात राख तशीच, आणि ही दारातच उभी. "नाना, आजचे दहा?" शाळेत बाई वेगळा अर्थ सांगायच्या तेव्हा ती घरी येऊन विचारायची. नाना ट्रंकेतला कोश उघडून बोट ठेवायचे. "हे बघ. छापलंय." मग रूपालीच्या लेखी विषय संपला. बाई चुकू शकतात. छापील कसं चुकेल? आणि नाना कसे चुकतील?

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली, डी.एड. करून बाहेर पडल्यावर, शहरातल्या एका खासगी इंग्रजी शाळेत तिला मुलाखतीला बोलावणं आलं. नाना पाळी संपवून खाकी कपड्यांतच तिच्याबरोबर गेले. बदलायला वेळ नव्हता. व्हरांड्यात बाक होता, त्यावर बसले. आत उमेदवारांना एक निबंध लिहायला दिला. विषय, माझे वडील.

अर्ध्या तासानं आतून हसण्याचा आवाज आला. खिडकी उघडीच होती. कुणीतरी पुरुष मोठ्यानं वाचत होता, "माय फादर इज अ पिटिफुल मॅन." आणि मग मराठीत, "अहो, ऐका, बापाला काय म्हणतेय! कीव करण्याजोगा माणूस म्हणे! बघा बाहेर, आलाय का तो?" पुन्हा हशा.

नानांना त्या क्षणी काही कळलं नाही. 'पिटिफुल' म्हणजे दयाळू. दुसऱ्याचं दुःख बघून ज्याचं काळीज हलतं तो माणूस. त्यांनीच तर तो शब्द तिला शिकवला होता, बोट ठेवून. पण एवढी शिकलेली माणसं हसतायत म्हणजे कुठंतरी घोटाळा आहे, आणि तो घोटाळा आपल्या ट्रंकेतून आलाय, हे त्यांच्या लख्ख ध्यानात आलं. कानांच्या पाळ्या पेटल्या. आता कुणी बाहेर येईल, हे खाकी कपडे बघेल, राख बघेल आणि म्हणेल, हाच का तो. नाना उठले. तडक फाटकाबाहेर गेले आणि रस्त्यापलीकडच्या रसवंतीच्या मागे जाऊन उभे राहिले.

रूपालीला ते सापडायला वीस मिनिटं लागली. तिचा चेहरा शांत होता.

"जागा आधीच भरली होती, नाना," ती म्हणाली.

नानांनी तिला उसाचा रस पाजला. दोघं बसनं घरी आली. त्या दिवसाचं नाव नंतर घरात निघालं नाही. नानांनी काढलं नाही, रूपालीनंही काढलं नाही. पण इंग्रजीचा एक शब्द तिच्या तोंडून पुन्हा कधी ऐकू आला नाही. दुसरी मुलाखतही तिनं दिली नाही. पुढच्या उन्हाळ्यात दिंडोरीच्या धनराजशी तिचं लग्न झालं. माणूस भला, दीड एकर द्राक्षबाग, हाताला काम भरपूर. शिकवायची तिची हौस मात्र राहून गेली ती गेलीच. द्राक्षाचे घड कात्रीनं साफ करण्यात तिची बोटं काळी पडली.

नानांनी पहिली चिठ्ठी लिहिली ती त्या मुलाखतीच्या आठवड्यात. वाचनालयात जाऊन चार दिवस पुस्तकं उलटली आणि 'पिटिफुल' या शब्दाला दयाळू या अर्थानं तीन छापील साक्षी शोधून काढल्या. तीन! चिठ्ठी हातात धरून त्यांचे डोळे भरून आले. माझी पोरगी चुकली नव्हती. शब्द चुकीचा नव्हता, जुना होता फक्त. आता हे तिला सांगायचं.

पण एक चिठ्ठी घेऊन काय जायचं? एका चिठ्ठीला कोण विचारतो? सगळ्या जुन्या शब्दांचा, ए पासून झेड पर्यंत, साक्षीपुराव्यासह कोश करायचा आणि तो लेकीच्या हातात ठेवायचा. म्हणायचं, बघ, तू चुकली नव्हतीस. नानांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. सत्तावीस वर्षं हा माणूस त्या एका वाक्यासाठी लिहीत राहिला. आता तुम्ही म्हणाल, ते वाक्य दिंडोरीच्या बसमध्ये बसून तासाभरात जाऊन सांगता आलं असतं. आलं असतं की! पण नाथा पगाऱ्याचा मुलगा कागदाशिवाय साक्षीला उभा राहणार नव्हता.

चिठ्ठ्या ठेवायला खोकी आणून द्यायचा धनराज. द्राक्ष भरायची पुठ्ठ्याची खोकी, बाजूला हवेसाठी भोकं पाडलेली. "मामा, अजून किती लागतील?" तो विचारायचा. सासऱ्याचं हे काय चाललंय ते त्याला कळायचं नाही, पण खोकी चांगली कोरी आणायचा. आणि रूपाली माहेरी आली की पाय धुतल्याबरोबर पहिलं तिचं विचारणं, "किती झाल्या, नाना?" दुसरं कुणीच विचारत नव्हतं. नाना आकडा सांगायचे. ती मान हलवायची, आणि आईला भाकरी थापू लागायची. 'पी' चं खोकं कपाटावर होतं. तिनं ते कधी उघडून पाहिलं नाही, आणि नानांनीही दाखवलं नाही. पूर्ण झाल्यावर दाखवायचं होतं ना.

मध्ये एकदा वाचनालयात एक कॉलेजचे प्राध्यापक भेटले. भला माणूस. चिठ्ठ्या बघून थक्क झाले, आणि मग खिशातून मोबाइल काढून म्हणाले, "नाना, वाईट वाटून घेऊ नका, पण हे सगळं आता इथं फुकट मिळतं. शब्द, जुना अर्थ, पुस्तकातली ओळ, साल, सगळं." नानांनी चष्मा पुसून पडद्याकडे बघितलं. खरंच होतं. त्यांनी सत्तर दिवस शोधलेली एक ओळ तिथं एका बोटासरशी आली.

"यात मराठी अर्थ आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही, मराठी नाही."

"मग मला लिहायलाच लागेल," नाना म्हणाले आणि पुढचं पान उलटलं.

गेल्या दिवाळीत रूपालीच्या पोटात दुखायला लागलं. आधी पित्त म्हणाले, मग खडा म्हणाले, आणि शेवटी मोठ्या दवाखान्यात निघाला कॅन्सर. तोही सगळीकडे पसरलेला. वय सत्तेचाळीस. डॉक्टरांनी धनराजला बाजूला घेऊन सांगितलं की उन्हाळा निघणं अवघड आहे. विमलाबाईंनी त्याच दिवशी दोन लुगडी पिशवीत भरली आणि दिंडोरी गाठली.

आणि नाना? नाना घरी राहिले. तुम्हाला राग येईल, येऊ द्या. विमलाबाईंनाही आला होता. पण नानांच्या मनात एकच हिशेब होता. 'डब्ल्यू' पासून पुढची अक्षरं राहिली होती. लेकीच्या हातात अर्धा कोश कसा द्यायचा? ते रोज वाचनालयात जायला लागले, दार उघडायच्या आधीपासून पायरीवर बसायला लागले. रविवारी वाचनालय बंद, तेव्हा दिंडोरीला जायचे, तासभर खाटेशेजारी बसायचे, पेनं चाचपायचे आणि परतीची बस धरायचे.

विमलाबाईंचा फोन यायचा. "कधी येताय राहायला? पोर वाट बघती."

"'डब्ल्यू' संपत आलंय. झालं की आलोच."

"तुमचा डब्ल्यू गेला खड्ड्यात! इथं पोरीचा जीव चाललाय!"

"तिच्यासाठीच करतोय ना," नाना म्हणायचे. आणि त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

फेब्रुवारीच्या अखेरीला शेवटची चिठ्ठी झाली. धनराज पिकअप घेऊन आला. नऊ खोकी गाडीत चढवली. दिंडोरीला पोचले तेव्हा बागेत काढणी चालू होती, बायका क्रेट भरत होत्या, ट्रॅक्टर धुरळा उडवत होता. रूपालीची खाट पुढच्या खोलीत दारापाशी लावली होती, तिला बाग दिसावी म्हणून. अंगावर काही उरलं नव्हतं. डोळे तेवढे होते तसेच.

खोकी एकावर एक रचली गेली. रूपाली हसली.

"झालं, नाना?"

"झालं. अकरा हजार चारशे. ए टू झेड." नाना खाटेशी टेकले. त्यांनी ते सत्तावीस वर्षं जपलेलं वाक्य उच्चारलं. "बघ रूपा. तू चुकली नव्हतीस."

"मला माहीतच होतं की," रूपाली म्हणाली.

नाना जरा बावचळले. एवढं सोपं उत्तर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"'पी' चं खोकं काढा," ती म्हणाली. "पिटिफुल काढा."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून आलेला तो पहिला इंग्रजी शब्द. नानांनी घाईघाईनं खोकं उघडलं. कडा पिवळ्या पडलेली, सगळ्यात जुनी चिठ्ठी. त्यांनी वाचली. शब्द. कनवाळू, दुसऱ्याच्या दुःखानं ज्याचं मन हेलावतं असा. मग लाल शाईतल्या तिन्ही साक्षी, सावकाश, पुस्तकासह, पानासह. रूपाली डोळे मिटून ऐकत होती. लहानपणी ऐकायची तशीच.

वाचून झालं. तिनं डोळे उघडले.

"नाना, यात माझं वाक्य नाही?"

"तुझं?"

"मी लिहिलं होतं ते. मुलाखतीत."

नाना हसले. त्यांना वाटलं, पोर गंमत करतेय. "तुझं कसं घेणार, बाळा? ते कुठं छापलंय? आपला नियम माहीत आहे ना तुला? तोंडी नाही, हातानं लिहिलेलं नाही. छापील साक्ष लागते. नाहीतर नाथाआजोबांसारखं होतं."

"हो," रूपाली म्हणाली. "तेही खरंच." आणि तिनं आईकडे पाणी मागितलं.

विमलाबाई चमचा घेऊन पुढे आल्या. त्यांनी नानांकडे असं बघितलं की नाना खोकं बंद करून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. काय चुकलं ते त्यांना कळेना.

आठव्या दिवशी सकाळी रूपाली गेली.

मयतानंतरच्या जलदान विधीच्या आदल्या दिवशी मांडव घालणं चाललं होतं. नाना त्या नऊ खोक्यांशेजारी बसून धनराजला सांगत होते, की बघा, निदान तिला पुरावा दाखवता आला, निदान जाताना तिच्या मनावर ओझं राहिलं नाही. विमलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली आपटलं. तांदूळ सगळीकडे उडाले.

"तिच्या मनावर कसलं वझं?" त्या ओरडल्या. "वझं तुमच्या मनावर होतं! तिनं मला शपथ घातली होती, म्हणून सत्तावीस वर्षं गप ऱ्हायले. आता ती नाय. आता ऐका."

आणि विमलाबाईंनी सांगितलं. त्या दिवशी, ते सगळे हसून झाल्यावर, एक वयस्कर मॅडम रूपालीला व्हरांड्यात घेऊन आल्या होत्या. तिचा कागद तिच्या हातात परत दिला. म्हणाल्या, बाळ, बाकी सगळं फार सुंदर लिहिलंयस. हा एवढा एक शब्द खोड, 'काइंड' लिही, आणि सोमवारपासून कामावर ये. पेनसुद्धा स्वतःचं दिलं. रूपाली म्हणाली, हा शब्द माझ्या नानांनी शिकवलाय. पुस्तकात बोट ठेवून शिकवलाय. ते चुकायचे नाहीत. मी खोडणार नाही. मॅडमनी दोनदा समजावलं. रूपालीनं पेन परत केलं.

"आन् बाकाकडं बघितलं तिनं," विमलाबाई म्हणाल्या. "म्हणली, नाना इथंच बसलेत, त्यांनाच विचारा. तर बाक रिकामा. तुम्ही नव्हता!"

नानांनी 'पी' च्या खोक्यावर हात ठेवला.

"मला का नाही सांगितलं तिनं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"म्हणली, नानांना लाज वाटली आसंल, म्हणून उठून गेले. त्यात नोकरी त्यांच्यापायी गेली हे कळलं तर ते जिवाला लावून घेतील. तुमची काळजी होती तिला. सारा जन्म तुमचीच काळजी केली पोरीनं." विमलाबाईंना रडू फुटलं. "आन् तुम्ही तिला सांगितलं, तुझी साक्ष चालत नाय म्हणून!"

धनराज उठून बागेकडे निघून गेला. नाना जमिनीवर सांडलेले तांदूळ एकेक करून सुपात टाकत राहिले.

दुसऱ्या दिवशी विधी झाला. वंदना झाली, चार जण रूपालीबद्दल चांगलं बोलले. मग बौद्धाचार्यांनी नानांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मांडवातले पाहुणे जरा सावरून बसले, कारण नाना बोलायला उभे राहिले की अर्धा तास बसत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. नाना माइकपाशी गेले.

"माझ्या मुलीला मी जुनंपुराणं शिकवलं," ते म्हणाले. "लोक तिला हसले तेव्हा मी पळून गेलो. ती माझ्यासाठी उभी राहिली. हे मी तिला सांगायला पाहिजे होतं. तुम्हाला सांगतोय." आणि ते खाली बसले.

संध्याकाळच्या बसनं दोघं घरी आली. खोकी दिंडोरीलाच राहिली होती. 'पी' चं खोकं मात्र नानांनी मांडीवर धरून आणलं होतं. विमलाबाईंनी दार उघडलं, दिवा लावला, चूल काही पेटवली नाही. नाना कपडे न बदलता टेबलाशी बसले. कोरी चिठ्ठी घेतली. काळ्या पेनानं शब्द लिहिला. जुना अर्थ लिहिला. आजचा लिहिला. मग लाल पेन काढलं आणि साक्षीच्या जागी तिचं वाक्य उतरवलं, जसं खिडकीतून ऐकलं होतं तसं. पुढे लिहिलं, रूपाली सावळीराम पगारे, वय एकवीस, नाशिक, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. पानाची जागा मोकळी राहिली. त्यांनी ती मोकळीच ठेवली.

"काय लिहिलं?" विमलाबाईंनी भिंतीला टेकून विचारलं.

नानांनी वाचून दाखवलं, सगळं मराठीत सांगितलं. विमलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. आवाजात आता राग राहिला नव्हता.

"हे तिथंच लिहायचं होतं ओ," त्या म्हणाल्या. "तिनं विचारलं तेव्हा. पेन खिशातच होतं की तुमच्या."